क्रियापदाच्या पुढची जागा

भिलाईतल्या मराठी घरातलं मूल एका दिवसात तीन व्याकरणांतून फिरून येतं. घरी ते म्हणतं, ‘मी पोळी खाल्ली’. शाळेत मित्राला सांगतं, ‘मैंने रोटी खाई’. आणि मैदानावर, बाजारात, कामाला येणाऱ्या बाईंच्या तोंडून त्याच्या कानावर पडते ती छत्तीसगढी : ‘मैं रोटी खाएंव’. पहिल्या दोन वाक्यांत खाणारा मुलगा असो की मुलगी, क्रियापद पोळीकडे बघतं आणि स्त्रीलिंगी होतं. छत्तीसगढीत पोळीला ही सत्ता नाही. तिथे क्रियापद फक्त खाणाऱ्याकडे बघतं. ‘ने’ हा प्रत्ययच त्या रचनेत लागत नाही. मग चौथी भाषा येते, इंग्रजी, आणि म्हणते, ‘आय एट द ब्रेड’. इथे कर्त्याला प्रत्यय नाही, कर्माला प्रत्यय नाही, आणि ‘एट’ला पोळी एक की चार याच्याशी काही देणंघेणं नाही. या एका बाबतीत छत्तीसगढी मूल इंग्रजीच्या आपल्यापेक्षा जवळ उभं आहे, ही गोष्ट इथल्या वर्गात सांगितली गेली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

इंग्रजी क्रियापदांचे प्रकार, त्यांची कर्मं आणि त्यांचे पूरक हा विषय आपल्याकडे व्याख्यांचा धडा म्हणून शिकवला जातो. ट्रान्झिटिव्ह म्हणजे सकर्मक, इन्ट्रान्झिटिव्ह म्हणजे अकर्मक, दोन उदाहरणं, पुढचा धडा. व्याख्या चूक नाहीत. पण आपल्या मुलांची अडचण व्याख्येत नसतेच. मराठीत कर्म ओळखायला वाक्य स्वतः मदत करतं. ‘तू पोळी खाल्लीस’ या वाक्यातला ‘ली’ पोळीचा आणि शेवटचा ‘स’ तुझा. एका क्रियापदावर दोघांची खूण. शब्द मागेपुढे केले, ‘पोळी तू खाल्लीस’, तरी कोणी कोणाला खाल्लं याचा घोटाळा होत नाही. इंग्रजीने या खुणा बहुतेक टाकून दिल्या आणि सगळा भार जागेवर टाकला. क्रियापदाच्या आधीची जागा कर्त्याची. पुढच्या जागा कोणाच्या, किती आणि कोणत्या क्रमाने, हे ते ते क्रियापद ठरवतं. या विषयावर गेल्या दीड-दोनशे वर्षांत जे लिहिलं गेलं, त्याकडे मी याच नजरेने बघणार आहे.

सुरुवात मात्र त्याच्याही मागे, पाणिनीपासून करायला हवी, कारण कर्म ही कल्पना आपल्याकडे इंग्रजांकडून आलेली नाही. कर्त्याला क्रियेने जे सर्वांत अधिक गाठायचं आहे ते कर्म, अशी त्याची मांडणी आहे. म्हणजे कर्म आधी अर्थाने ठरतं, विभक्ती मागून येते. त्याच परंपरेत दोन कर्मं घेणाऱ्या धातूंची यादीही आहे : दोहणे, मागणे, विचारणे, नेणे असे सोळा धातू विद्यार्थी पाठ करत. कोणता धातू पुढे किती जणांना घेतो हे धातूगणिक लक्षात ठेवायचं असतं, हे भान त्या पाठांतरात होतं. इंग्रजी शिकवताना मात्र आपण ते हरवलं.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ सालचं, मोरो केशव दामले यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालचं. या पाऊणशे वर्षांत संस्कृतची परंपरा आणि इंग्रजी शालेय व्याकरणाचा साचा यांची मराठीत सांगड घातली गेली. त्यातून शाळेच्या पुस्तकांत जे उतरलं ते आजही चालू आहे : सकर्मक, अकर्मक, द्विकर्मक, उभयविध, अपूर्णविधान क्रियापद आणि त्याचं विधान पूर्ण करणारा विधानपूरक. वाक्यपृथक्करणाच्या तक्त्यात कर्माचा रकाना वेगळा आणि विधानपूरकाचा वेगळा असतो. हा तक्ता ज्याला नीट भरता येतो, त्याने इंग्रजीतला अर्धा प्रश्न सोडवलेला असतो. दुर्दैवाने मराठीचा तास आणि इंग्रजीचा तास एकमेकांशी बोलत नाहीत. भिलाईत तर मराठीचा तास बहुतेक मुलांना नसतोच. तिथे हे काम हिंदीच्या ‘पूरक’ आणि ‘कर्म’ या शब्दांनी करावं लागतं, आणि ते उत्तम होतं.

पूरक म्हणजे काय, हे एका क्रियापदावरून पाहू. ‘मेक’ घ्या. ‘शी मेड हिम अ केक’. ‘दे मेड हिम कॅप्टन’. ‘द न्यूज मेड हिम हॅपी’. ‘शी मेड हिम वेट’. चारही वाक्यांत ‘मेड हिम’ आहे आणि त्याच्यापुढे एक काहीतरी आहे. मराठीत हीच वाक्यं म्हणून पाहा : तिने त्याच्यासाठी केक केला, त्यांनी त्याला कॅप्टन केलं, त्या बातमीने त्याला आनंद झाला, तिने त्याला थांबायला लावलं. आपल्याकडे ‘च्यासाठी’, ‘ला’, ‘झाला’, ‘लावलं’ अशी प्रत्येक वेळी वेगळी सामग्री लागली. इंग्रजीत फक्त शेवटच्या जागेवरचा शब्द बदलला आणि सगळं नातं बदललं. केक म्हणजे ‘तो’ नव्हे. म्हणून केक हे दुसरं कर्म. कॅप्टन मात्र ‘तो’च आहे, आनंदी आहे तोही ‘तो’च, म्हणून ‘कॅप्टन’ आणि ‘हॅपी’ हे कर्माचे पूरक. चौथ्या वाक्यात पुढे आणखी एक क्रियापदच बसलं आहे, आणि त्याच्या आधी ‘टू’ नाही. हेच वाक्य कर्मणी केलं की तो ‘टू’ परत येतो : ‘ही वॉज मेड टु वेट’. ‘ही मेड मी टु वेट’ असं जे आपण सर्रास ऐकतो ते या दोन रचनांच्या सरमिसळीतून येतं.

कर्म आणि पूरक वेगळे ओळखायची कसोटी यातच आहे. पुढचा शब्द आधीच्या नामाचीच ओळख किंवा अवस्था सांगतो का? सांगत असेल तर पूरक. दुसरा माणूस, दुसरी वस्तू असेल तर कर्म. ‘ही बिकेम अ टीचर’मध्ये तो आणि शिक्षक एकच, म्हणून पूरक, ‘ही मेट अ टीचर’मध्ये दोघं वेगळे, म्हणून कर्म. दुसरी कसोटी कर्मणीची : कर्म उचलून कर्त्याच्या जागी नेता येतं, पूरक नेता येत नाही. मात्र ही दुसरी कसोटी एकटी पुरत नाही. ‘द बॅग वेज टेन किलोज’ किंवा ‘शी रिझेम्बल्स हर मदर’ यांचं कर्मणी होत नाही, तरी ‘मदर’ला पूरक म्हणायला कोणी तयार होत नाही. अशा सीमेवरच्या वाक्यांवर विद्वानांचं एकमत नाही आणि शाळेत ती विचारूही नयेत.

रंगाच्या वाक्यात ही गोष्ट आणखी स्वच्छ दिसते. ‘त्याने भिंत पांढरी केली’ आणि ‘त्याने पांढरी भिंत रंगवली’ यांतला फरक मराठी मुलाला सांगावा लागत नाही. म्हणजे विशेषण नामाच्या आधी बसलं तर ते नामाचं आणि नामानंतर, क्रियापदाला लागून बसलं तर क्रियेचा परिणाम, हे तो जाणतोच. इंग्रजीत ‘पेंटेड द व्हाइट वॉल’ आणि ‘पेंटेड द वॉल व्हाइट’ हे तेच आहे. कारखान्यांत लावलेली ‘कीप द एग्झिट क्लिअर’ ही पाटी भिलाईच्या मुलाने नक्की वाचलेली असते. मार्ग मोकळा ठेवा. ‘क्लिअर’ शेवटी आहे, म्हणून तो पूरक. ‘कीप द क्लिअर एग्झिट’ म्हटलं तर मोकळा असलेला मार्ग स्वतःकडे ठेवा, असं काहीतरी होऊन बसेल. पूरक शिकवायला यापेक्षा चांगलं वाक्य व्याकरणाच्या पुस्तकात शोधायची गरज नाही.

कर्त्याच्या पूरकात आपली मुलं वेगळ्याच कारणाने अडखळतात. ‘ती छान दिसते’, ‘ती छान गाते’ : मराठीत दोन्हीकडे ‘छान’. हिंदीत ‘अच्छी दिखती है’ आणि ‘अच्छा गाती है’ असा थोडा फरक तरी होतो. इंग्रजीत पहिल्यात ‘नाइस’ आणि दुसऱ्यात ‘नाइसली’, कारण ‘नाइस’ हे तिच्याबद्दलचं विधान पूर्ण करतं आणि ‘नाइसली’ हे गाण्याच्या क्रियेविषयी आहे. ‘शी सिंग्ज नाइस’ म्हणणाऱ्या मुलाला क्रियाविशेषणाची व्याख्या पुन्हा सांगून उपयोग नाही. त्याला विचारावं, छान कोण आहे, ती की गाणं?

आणि ‘आहे’? भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत सहकार्याने उभा राहिला. १९५५ साली करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. त्या वर्षांत या गावाने रशियन भाषा जवळून ऐकली, जिच्यात वर्तमानकाळात ‘आहे’ म्हणावंच लागत नाही. आपणही ‘हा माझा भाऊ’ एवढ्यावर थांबू शकतो. इंग्रजीला तेवढं पुरत नाही. तिला ‘इज’ हवाच. ‘ही माय ब्रदर’ हे त्यामुळेच लहान मुलांच्या तोंडी येतं आणि ते लवकर सुटतंही.

आता प्रकार किती, या जुन्या वादाकडे वळू. भारतात पिढ्यानपिढ्या नेसफील्डचं व्याकरण वाचलं गेलं. त्यात ज्यांचं विधान अपुरं राहतं अशा क्रियापदांचा आणि कर्म घेऊनही पूरक मागणाऱ्या ‘फॅक्टिटिव्ह’ क्रियापदांचा विचार आहे. दामल्यांच्या वाचकाला ते परकं वाटलं नसतं. इंग्लंडात १९०४ साली सी. टी. अनियन्स यांनी विधेयाचे पाच आकार मांडले : नुसतं क्रियापद, पूरकासह, कर्मासह, दोन कर्मांसह, कर्म आणि पूरक या दोन्हींसह. जपानमध्ये होसोए इत्सुकी यांनी १९१७ साली हाच पाचांचा साचा उचलला आणि तिथल्या शाळांत तो आजही शिकवला जातो. साचा देखणा आहे, पण त्याला एक भोक आहे. ‘ही पुट द बुक’ हे वाक्य अर्धवट आहे. पुस्तक कुठे ठेवलं ते सांगितल्याशिवाय ‘पुट’चं समाधान होत नाही. तशीच ‘ही लिव्ह्ज’ची गत, दुर्गला की रायपूरला, ते यावं लागतं. पाचांच्या साच्यात स्थळाला अशी हक्काची जागाच नाही.

जपानमध्येच शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी उलट टोक गाठलं. हॅरल्ड पामर यांच्या कामावर उभं राहून त्यांनी १९४२ साली तोक्योत छापलेल्या शब्दकोशात क्रियापदांचे पंचवीस नमुने दिले. तोच कोश १९४८ साली ऑक्सफर्डने काढला आणि पुढे जगभर गेला. हॉर्नबींचा विचार पायाभूत होता : शब्दाचा अर्थ सांगून कोशाचं काम संपत नाही, त्याच्यापुढे काय येतं तेही सांगायला हवं. आपल्याकडे घराघरांत असलेल्या रेन आणि मार्टिनच्या इंग्रजी व्याकरणाच्या सुधारित आवृत्तीतही क्रियापदांच्या नमुन्यांचं प्रकरण आलं. पण पंचवीस नमुने, त्यांचे पोटभेद आणि कोशात छापलेली सांकेतिक अक्षरं यांनी विद्यार्थी थकले. मग १९८५ साली क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांच्या बृहद् व्याकरणाने सात प्रकार पक्के केले : पाचांत स्थळाचे दोन मिळवून. माझं मत विचाराल तर शाळेसाठी हे सात पुरेत. सातांपलीकडचं सगळं क्रियापदागणिक शिकायचं असतं आणि ते कोष्टकात मावत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. अलीकडच्या भाषाविज्ञानात ‘कॉम्प्लिमेंट’ हा शब्द क्रियापदाला लागणाऱ्या प्रत्येक घटकासाठी, म्हणजे कर्मासाठीही वापरतात. फ्रान्सच्या ल्युसियाँ तेनिएर यांच्या १९५९ साली, मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथापासून क्रियापद किती सोबती मागतं हाच मोजमापाचा मुख्य धागा झाला. हडलस्टन आणि पुलम यांचं २००२ सालचं व्याकरणही त्याच व्यापक अर्थाने शब्द वापरतं. स्पर्धापरीक्षेचं पुस्तक एक अर्थ सांगतं आणि महाविद्यालयातलं दुसरा. विद्यार्थ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. शिक्षकाने पहिल्याच दिवशी आपण कोणत्या अर्थाने बोलतो आहोत ते सांगितलं, की हा गोंधळ होत नाही.

भिलाईत हा विषय शिकवायला लोखंड आहे, आणि ते वापरायला हवं. ‘द स्टील मेल्ट्स’ आणि ‘दे मेल्ट द स्टील’. आपल्याकडे पोलाद वितळतं आणि कामगार ते वितळवतात. क्रियापदाचं रूपच बदलतं. इंग्रजीत एकच ‘मेल्ट’ दोन्ही कामं करतं. ‘कूल’, ‘हार्डन’, ‘रोल’, ‘बेंड’, ‘क्रॅक’ ही कारखान्यातली क्रियापदं पाहा, सगळी याच जातीची. तेव्हा ‘मेल्ट सकर्मक की अकर्मक?’ हा परीक्षेतला प्रश्नच चुकीचा आहे. वाक्य दिल्याशिवाय त्याला उत्तर नाही. मराठीत अशी क्रियापदं आहेतच, त्यांना आपण उभयविध म्हणतो : त्याने खिडकी उघडली, खिडकी उघडली. पण ती मोजकी आहेत, आणि बाकी ठिकाणी आपण ‘पडणे-पाडणे’, ‘तुटणे-तोडणे’ अशा जोड्या करतो. इंग्रजीत मात्र या जातीची क्रियापदं भरपूर. बेथ लेव्हिन यांनी १९९३ साली तीन हजारांवर इंग्रजी क्रियापदं अशा रचनांच्या अदलाबदलीनुसार गटांत लावली. त्यांतून दिसतं ते असं, की जवळच्या अर्थाची क्रियापदं बहुधा सारख्याच रचना घेतात. ‘ब्रेक’, ‘क्रॅक’, ‘शॅटर’ एका वाटेने जातात. ‘हिट’ आणि ‘किक’ दुसऱ्या. ‘द डोअर ब्रोक’ चालतं, ‘द डोअर किक्ड’ चालत नाही.

आपल्या चुका कुठे होतात याचं मूळ मला मराठीच्या एका सवयीत दिसतं, आणि इथे थोडं थांबणं भाग आहे. आपण क्रियापदं नामाला ‘करणे’ जोडून बनवतो : चर्चा करणे, लग्न करणे, विनंती करणे. हिंदीतही तेच, ‘चर्चा करना’, ‘शादी करना’. या रचनेत कर्माची जागा त्या नामानेच अडवलेली असते. मी चर्चा केली. काय केलं, तर चर्चा. मग ज्याच्याविषयी ती झाली तो विषय बिचारा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लावून बाजूला बसतो : सुट्टीविषयी चर्चा, तिच्याशी लग्न, रजेसाठी विनंती. इंग्रजीत ‘डिस्कस’ हे एकसंध क्रियापद आहे. विषय थेट कर्माच्या जागी येतो. मुलाच्या मनात मात्र ‘विषयी’ आणि ‘शी’ शिल्लक असतात आणि ते ‘अबाउट’ आणि ‘विथ’ होऊन बाहेर पडतात. ‘डिस्कस अबाउट’, ‘मॅरी विथ’, ‘रिक्वेस्टेड फॉर लीव्ह’. ‘डिस्कशन अबाउट’ हे नाम इंग्रजीत बरोबर असल्याने चुकीला आधारही मिळतो. ‘डिस्कस अबाउट’ केवळ मराठी माणसाचं नाही. इथले तेलुगू आणि बंगाली शेजारीही तसंच म्हणतात. पण आपल्यापुरतं कारण इतकं उघड आहे की ते पाच मिनिटांत मुलाला दाखवता येतं. दाखवलं की मूल स्वतःच पुढची उदाहरणं शोधायला लागतं.

दुसरी सवय कर्म गाळण्याची. ‘सिनेमा आवडला का?’ ‘आवडला.’ मराठीत, हिंदीत हे पूर्ण उत्तर आहे. म्हणून ‘येस, आय लाइक्ड’ आणि ‘वी एन्जॉइड अ लॉट’. इंग्रजी इथे हट्टी आहे, तिला ‘इट’ हवा, ‘अवरसेल्व्ज’ हवा. पण ‘आय फर्गॉट’ला ती काही म्हणत नाही, ‘आय एट’लाही नाही, ‘आय डिव्हाउर्ड’ मात्र अधुरं. नियम सांगून हे येत नाही.

तिसरी जागा द्विकर्मकाची. मराठीचा ‘ला’ फार कष्टाळू प्रत्यय आहे : रामला पुस्तक दिलं, रामला पाहिलं, रामला आंबा आवडतो. ‘मला सांग’, ‘मला समजाव’, ‘मला सुचव’ हे आपल्या कानाला सारखंच. इंग्रजीत ‘टेल मी’ बरोबर, ‘एक्स्प्लेन मी’ आणि ‘सजेस्ट मी’ चूक. ‘गिव्ह’, ‘सेंड’, ‘शो’ यांसारखी जुनी, घरगुती क्रियापदं माणसाला थेट पुढे घेतात. ‘एक्स्प्लेन’, ‘डोनेट’, ‘सजेस्ट’ यांसारखी लॅटिन-फ्रेंच वळणाची क्रियापदं बहुधा ‘टू’ मागतात. अपवाद आहेत, ‘प्रॉमिस’ आणि ‘ऑफर’ माणसाला थेट घेतात, पण ही खूणगाठ नवशिक्याच्या बरीच उपयोगी पडते. आणि ‘टेल’ला ऐकणारा लागतोच : ‘ही टोल्ड दॅट’ ही आपली ‘त्याने सांगितलं की’. तिथे ‘सेड’ हवं, नाहीतर ‘टोल्ड’च्या पुढे माणूस.

हे सगळं उघड शिकवावं की नुसतं भाषेच्या वापरातून येऊ द्यावं, हा वाद भारतात गांभीर्याने झाला आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या काही शाळांत नियम न सांगता, मुलांना विचार करायला लावणारी कामं देऊन इंग्रजी शिकवण्याचा मोठा प्रयोग केला, आणि त्याची दखल जगभर घेतली गेली. मला तो विचार पटतो, पण पूर्ण नाही. भिलाईत वर्गाबाहेर हिंदी आहे. इंग्रजी कानावर पडतं ते तुकड्यातुकड्यांनी. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, छत्तीसगडात २०२० पासून स्वामी आत्मानंद यांच्या नावाने सरकारी इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या. ज्या घरांत कोणी इंग्रजी बोलत नाही अशा घरांतली मुलं त्यांत आली. त्यांनी सगळं ऐकून उचलावं म्हणायला आधी भरपूर ऐकू यायला हवं. तोवर दाखवून देणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे.

दाखवायचं काय, तर क्रियापद त्याच्या सोबत्यांसह. जॉन सिंक्लेअर यांच्या संपादनाखाली १९८७ साली निघालेल्या कोबिल्ड कोशाने नुसत्या सांकेतिक अक्षरांवर विसंबण्याऐवजी व्याख्याच पूर्ण वाक्यात लिहिली. ती वाचतानाच समजावणारा, समजावलेली गोष्ट आणि ऐकणारा कोणत्या क्रमाने येतात ते डोळ्यांखालून जातं. आपल्या इंग्रजी-मराठी कोशांत ‘एक्स्प्लेन : समजावणे’ एवढंच मिळतं, आणि ‘समजावणे’ आपल्याबरोबर मराठीचा ‘ला’ घेऊन येतं. वहीत ‘एक्स्प्लेन’ एकटं लिहूच नये. ‘एक्स्प्लेन समथिंग टु समबडी’ असं लिहावं आणि खाली मराठीत ‘कोणाला तरी काहीतरी समजावणे’. शेजारी ‘टेल समबडी समथिंग’. ‘पुट समथिंग समव्हेअर’. ‘कीप समथिंग क्लिअर’. ‘मेल्ट’ दोनदा : एकदा एकटं, एकदा ‘समथिंग’सह. सातवी-आठवीपर्यंत अशी दोनशे क्रियापदं झाली तर रोजच्या वापरातली बहुतेक वाक्यं त्यांत बसतात, आणि ट्रान्झिटिव्ह-इन्ट्रान्झिटिव्ह ही नावं मुलाला मागाहून, दहा मिनिटांत समजतात.